परत असं केलंस तर

कॉव्हेंट्री,
शुक्रवार

प्रिय तनया,

हे पत्र घरी न पाठवता तुझ्या फार्मसीच्या पत्त्यावर पाठवतेय, म्हणून दचकू नकोस. मराठीत आणि हातानं लिहितेय तेही मुद्दाम. कालपासून तुला फोन करायला मला मोकळीक आहे, क्राउन कोर्टाच्या जजनंच तसं सांगितलंय. पण जवळजवळ दोन वर्षं तोंडाला कुलूप घालून बसल्यावर फोनवर नुसतं 'कशी आहेस' म्हणायला माझी जीभ वळेना. तुला वाचायला वेळ लागेल, जोडाक्षरांशी अडशील. अडखळत का होईना, शेवटपर्यंत वाच. रविवारच्या मराठी वर्गात तू मुसमुसत बाराखडी गिरवलीस, त्याचा आज तरी उपयोग होऊ दे.

पहिली बातमी म्हणजे मी सुटले. काल दुपारी ज्यूरीनं 'नॉट गिल्टी' म्हटलं. परवा तू साक्ष देऊन लगेच नकुलबरोबर पिनरला घरी निघून गेलीस, त्यामुळे पुढचं तुला काहीच माहीत नाही. आधीचंही नाही, कारण साक्षीदाराला आपली पाळी येईपर्यंत आत बसू देत नाहीत. नकुलला पोलिसांनी निकाल कळवला असेलच. त्यानं तुला काय सांगितलं असेल, देव जाणे. म्हणून मीच सगळं सांगते.

सदुसष्टाव्या वर्षी मी आरोपी झाले, तनया. तीस वर्षं हॉस्पिटलात लोकांचे एक्स-रे काढले, एका पेशंटनं कधी कंप्लेंट केली नाही, ती जावयानं केली. कशावरून, तर एका व्हॉइस मेसेजवरून. 'परत असं केलंस तर तंगडं मोडून हातात देईन. जीव घेईन तुझा, लक्षात ठेव.' एवढंच बोलले होते मी. ते त्यानं फोनमधल्या कुठल्याशा भाषांतराच्या ॲपला खाऊ घातलं आणि ॲपनं जे इंग्रजी ओकलं ते घेऊन पोलिसांकडे गेला. ही बाई म्हणे माझा पाय तोडून माझ्याच हातात देणार आहे आणि मग मला ठार मारणार आहे! वर स्टेटमेंटमध्ये म्हणतो, मला मराठी नीट कळत नाही. लग्नात उखाणा कुणी घेतला होता मग? तिसऱ्यांदा पुरणपोळी मागताना बरी येते मराठी! वाचता येत नाही हे मात्र खरं, आणि आज मला त्याचंच बरं वाटतंय.

घरी दोन पोरसवदा पोलीस आले. मी चहा विचारला. त्यातल्या मुलीनं हो म्हटलं, सावकाश चहा प्यायली, कप सिंकमध्ये ठेवला आणि मग मला अटक केली. कायदा कुठला, तर १८६१ सालचा. आपल्याकडे सत्तावनचं बंड होऊन चार वर्षं झाली होती, तेव्हाचा! जिवे मारण्याची धमकी. जामिनाच्या अटी अशा, की नकुलशी बोलायचं नाही, पिनरमध्ये पाऊल टाकायचं नाही, आणि तू सरकारी बाजूची साक्षीदार म्हणून तुझ्याशीही संबंध ठेवायचा नाही. दुसऱ्याकरवी निरोपसुद्धा नाही. श्रद्धामावशी म्हणाली, मी सहज जाऊन बघून येते पोरीला. मी तिला हात जोडले. म्हटलं, बाई, तू सहज जाशील आणि मी तुरुंगात जाईन.

या सगळ्यात मला सारखा राग येत होता तो तुझ्या बाबांचा. असते तर त्यांच्याशीच कडाकडा भांडले असते. इथल्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली म्हणून आलेला माणूस; बाकीचे डॉक्टर क्रिकेटच्या नादी लागले, कुणी गोल्फच्या, आणि हे पडले इंग्लंडच्या न्यायाच्या प्रेमात. आठवतंय ना, रविवारच्या जेवणाला आमटी निवायची पण त्यांचा हेन्री राजा काही घोड्यावरून उतरायचा नाही. आधी म्हणे गावोगावी वेगळा कायदा, जहागीरदाराच्या मनाला येईल तसा. मग या दुसऱ्या हेन्रीनं न्यायाधीशांना घोड्यावर बसवून देशभर फिरायला पाठवलं. ते परत आले की एकत्र बसून आपापले निकाल ताडून बघायचे, आणि असं करता करता साऱ्या देशाचा मिळून एक कायदा झाला. खरंखोटं करायला तेव्हा इथंही दिव्य करायला लावत, आपल्याकडे करत तसंच. आरोपीच्या हातात तापलेलं लोखंड द्यायचं, हात बांधून ठेवायचा, आणि जखम चिघळली तर माणूस गुन्हेगार. पुढे पोपनं पाद्र्यांना त्यातून अंग काढून घ्यायला लावलं, तेव्हा प्रश्न पडला की आता खरंखोटं ठरवायचं कुणी? गोष्ट इथवर आली की बाबा चमचा उंच धरायचे. 'बारा सामान्य माणसं, सुमन! शेजारीपाजारी! राजा नाही, पाद्री नाही. बारा माणसं!'

तो चमचा माझ्या डोक्यात बसला होता, तनया, आणि त्यानंच घात केला. आधी मला मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं. तिथं तीन जण बसतात, तुझ्यामाझ्यासारखे, बिनपगारी. हीसुद्धा १३६१ पासूनची रीत, हेही बाबांनीच सांगितलेलं. माझा सॉलिसिटर कानात म्हणाला, इथंच चालवून घ्या, दोनतीन महिन्यांत मोकळ्या व्हाल. क्राउन कोर्टात रांग फार मोठी आहे. आणि मी काय म्हणावं? 'मला बारा हवेत.' सॉलिसिटरनं कपाळाला हात लावला. बाबा असते तर त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या असत्या. टाळ्या वाजवायला त्यांचं काय जात होतं! रांगेत मला उभं राहायचं होतं.

पहिल्या तारखेला मी नेव्ही ब्लू साडी नेसून, केस नीट बांधून, सॅंडविचचा डबा घेऊन गेले. दुपारपर्यंत बाकावर बसवलं आणि सांगितलं की आज कोर्टरूम रिकामी नाही, घरी जा. दुसऱ्या तारखेला कोर्टरूम होती, पण तिचं छत गळत होतं. कॉरिडॉरमध्ये लाल बादली, बादलीत टपटप, आणि भिंतीवर सिंह आणि एकशिंगी घोड्याची ती राजमुद्रा. तिसऱ्या तारखेला सगळं कोरडं होतं, तर सरकारचा बॅरिस्टर दुसऱ्याच केसमध्ये अडकलेला. दर वेळी पुढची तारीख काही महिन्यांनंतरची. मी तिथल्या बाईला म्हटलं, तुमचे जज घोड्यावरून चिखल तुडवत यायचे तेव्हा तरी वेळेवर पोचत असतील हो. ती बिचारी सॉरी म्हणाली. इथं सगळे सॉरी म्हणतात, आणि इतकं मनापासून म्हणतात की भांडताही येत नाही. ते फिरते दरबार १९७१ च्या कायद्यानं मोडून हे कायमचं क्राउन कोर्ट आणलं, कामं पटापट व्हावीत म्हणून. पटापट! न्याय लांबवणार नाही, असं इथल्या राजानं आठशे वर्षांपूर्वी शिक्का मारून कबूल केलेलं. बाबांनी त्या कागदाची छापील प्रत जिन्यात टांगलीय. या दोन वर्षांत मी कितीदा ती उलटी करून ठेवली असेल! आता तर सरकारच म्हणतंय, ज्यूरीचे खटले कमी करू, म्हणजे रांग हटेल. छत गळतंय, तर घरातली माणसं कमी करा म्हणायचं!

तुझ्या दोन दिवाळ्या, दोन वाढदिवस गेले. रोज सकाळी फोन हातात घ्यायचा, तुझं नाव बघायचं आणि परत ठेवायचा. मला फक्त एक गोष्ट विचारायची होती, तीच विचारायची बंदी होती.

माझी बॅरिस्टर जेमिमा तू पाहिलीस, विगमधली ती ठेंगणी मुलगी. लंडनची आहे, बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यूंपैकी. आजी भायखळ्याहून आलेली, घरात मराठी बोलणारी शेवटचीच. पहिल्या भेटीत तिनं फाइल उघडली, तो मेसेज ऐकला आणि एकदम मराठीत सुरू झाली. 'आंटी, मला मराठी जास्त येत नाही. फक्त ओरडा खायचा मराठी येतो. माझा आजी रोज म्हणायचा, तंगडं मोडीन!' मला इतकं हसू आलं, आणि हसता हसता रडू. पण ती लगेच गंभीर झाली. म्हणाली, मला कळून उपयोग नाही, बॅरिस्टरला साक्ष देता येत नाही. ते ज्यूरीला दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून कळायला हवं. मग तिनं पेन खाली ठेवलं. 'आणि आंटी, परत असं केलंस तर, म्हणजे कसं? त्यानं काय केलं होतं?' मी म्हटलं, ते सोडून दुसरं काहीही विचार. त्यावर ती चिडली. प्रत्येक भेटीत चिडायची. म्हणायची, तुम्ही मला एक हात पाठीमागे बांधून लढायला सांगताय. तिचं म्हणणं मला पटत होतं, तरी मी सांगितलं नाही.

परवा सकाळी एकदाची केस उभी राहिली. मला काचेच्या खोलीत बसवलं, शेजारी एक गार्ड. आधी नकुलची साक्ष झाली. गीतेवर हात ठेवून म्हणाला, आम्ही दिवाळीला कॉव्हेंट्रीला गेलो नाही म्हणून सासूबाई चिडल्या होत्या, बाकी काही कारण नव्हतं. मला जिवाची भीती वाटली, मी दाराला नवी कुलपं लावली. किती शांतपणे बोलतो गं तो! मलाच क्षणभर वाटलं, असंच असेल. नंतर तो वर प्रेक्षकांत जाऊन बसला.

मग ज्यानं कोर्टासाठी अधिकृत भाषांतर केलं तो गिरीश नावाचा मुलगा आला. बत्तीसतेहतीस वर्षांचा असेल, नवा सूट. त्यानं माझं वाक्य इंग्रजीत वाचून दाखवलं आणि बाराच्या बारा जणांनी वळून माझ्याकडे बघितलं. तनया, ते वाक्य मलाच ओळखू येईना. कुणा खाटकाच्या तोंडचं वाटत होतं. बाबा सांगायचे, इथल्या कोर्टात जवळजवळ तीनशे वर्षं फ्रेंच चालायचं आणि गरीब इंग्रज आरोपीला वकील काय बोलतायत ते कळायचंच नाही. मग १३६२ मध्ये कायदा झाला, की लोकांना कळेल अशा इंग्रजीत बोला. आणि तो कायदा लिहिला होता फ्रेंचमध्ये! दर वेळी हे सांगून पोट धरून हसायचे. परवा त्या काचेमागे मला ते आठवलं, आणि हसू काही आलं नाही.

जेमिमा उठली. 'तुमचं भाषांतर शब्दाला शब्द बरोबर आहे. पण हे वाक्य तुम्ही आधी कधी ऐकलंय?' गिरीश म्हणाला, हो. 'कुणाकडून?' तो जरा चाचरला. 'माझ्या आईकडून.' 'कधी?' 'मॅथ्समध्ये नापास झालो तेव्हा. सायकल हरवली तेव्हा. आणि... गेल्या रविवारी. फोन करायला विसरलो होतो.' 'आणि आज तुम्हाला पाय किती आहेत?' त्यानं खरंच खाली बघितलं गं! 'दोन.' मागच्या रांगेतला टोपीवाला ज्यूरर इतका मोठ्यानं हसला की त्यानं स्वतःच तोंडावर हात ठेवला. जज मॅडम चष्मा पुसायला लागल्या. जेमिमानं विचारलं, मग 'जीव घेईन'चं काय? तो म्हणाला, तेही तसंच, मला शब्दांचं भाषांतर सांगितलं होतं, ते मी केलं. आई लोक काय म्हणतात आणि त्यांना काय म्हणायचं असतं, हे कुणी विचारलं नाही.

त्यानंतर तू आलीस. ते मी शेवटी लिहिते.

काल माझी पाळी. सरकारी बॅरिस्टर उंच, सभ्य माणूस. 'वैशंपायन' म्हणताना त्याला तीनदा श्वास घ्यावा लागला. म्हणाला, तुम्ही रेडिओग्राफर होतात, मोडलेला पाय कसा दिसतो हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. मी म्हटलं, हो, म्हणूनच मी कुणाचा मोडलेला नाही. पुन्हा हशा. पण तो हुशार होता, हसू ओसरेपर्यंत थांबला आणि नेमकं तिथंच बोट ठेवलं. 'तुमचा जावई म्हणतो, दिवाळीला न आल्याचा राग होता. परत असं केलंस तर. एवढा राग फक्त त्याचा, मिसेस वैशंपायन? त्यानं काय केलं होतं?' मी म्हटलं, ते मी सांगणार नाही. जज मॅडमनी मला सावकाश, अगदी समजुतीनं सांगितलं, की तुम्ही उत्तर दिलं नाहीत तर त्याचा काय अर्थ घ्यायचा ते ज्यूरी ठरवेल, आणि तो तुमच्या विरुद्ध जाऊ शकतो. मी म्हटलं, कळलं, युअर ऑनर. जेमिमानं डोळे मिटून घेतले होते.

ज्यूरी आत गेली. मी जेमिमानं आणून दिलेला चहा धरून बसले. त्यावर साय धरली, तोवर बोलावणं आलं. एक पांढऱ्या केसांची, आयरिश बोलण्याची आजी उभी राहिली आणि 'नॉट गिल्टी' म्हणाली. म्हणताना माझ्याकडे बघत होती. खाली बसल्यावरही बघत होती. तिला काहीतरी कळलं होतं, बायकांना कळतं. सरकारी बाजूनं तरीही मागितलं, की तुझ्याशी आणि नकुलशी बोलण्याची बंदी पुढे चालू ठेवावी. जज मॅडमनी नाही म्हटलं, मला त्याचं काही कारण दिसत नाही. घरी येऊन मी जिन्यातल्या त्या कागदापुढे उभी राहिले आणि तुझ्या बाबांना म्हटलं, बारा जणांबद्दल तुम्ही बरोबर होतात. बाकीच्याबद्दल आपण नंतर भांडू.

आता परवाचं. तू साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आलीस. किती वाळलीयस गं! माझ्याकडे बघितलं नाहीस, ते ठीक, बघू नको असं सांगितलं असेल. मेसेजमधला आवाज आईचाच का, विचारलं. तू हो म्हणालीस. मग सरकारी बॅरिस्टरनं विचारलं, तो ऐकून तुम्हाला भीती वाटली का? तू इंग्रजीत म्हणालीस, 'आईची? नाही.' तिथं थांबायला हरकत नव्हती. पण तू पुढे बोललीस. 'आईची मला कधीच भीती वाटलेली नाही.' आणि तुझा उजवा हात डाव्या मनगटावर गेला आणि तिथंच राहिला. मी वर बघितलं. नकुल पुढे वाकून तुझ्याकडे बघत होता.

जेमिमा प्रश्न विचारायला उठली आणि आधी माझ्याकडे वळली. तिला एकच प्रश्न विचारायचा होता, आणि त्या कोर्टात तो सगळ्यांच्या ओठावर होता. तो विचारला असता तर मी कदाचित तिथल्या तिथे सुटले असते. पण तुला त्याचं उत्तर बारा परक्या माणसांपुढे द्यावं लागलं असतं, तो वरून बघत असताना, आणि मग त्याच्याच शेजारी बसून पिनरपर्यंत घरी जावं लागलं असतं. मी काचेमागून मान हलवली. नाही. जेमिमानं 'नो क्वेश्चन्स' म्हटलं आणि खाली बसली. बाहेर आल्यावर माझ्यावर ओरडली, 'आंटी, या केसमध्ये तेवढा एकच प्रश्न होता!' मी म्हटलं, होता, पण तो कोर्टानं विचारायचा नव्हता.

त्या भाऊबिजेच्या दुपारी तुझ्या किचनमध्ये तू भांडी घासायला बाही वर केलीस आणि पटकन खाली ओढलीस. दार लागलं म्हणालीस. तीस वर्षं मी दुखावलेले हातपाय बघितलेत, तनया. दार लागलेलं कसं दिसतं आणि कुणी आवळलेली चार बोटं कशी दिसतात, ते मला कळतं. घरी पोचल्या पोचल्या मी तो मेसेज पाठवला. त्या रात्री तुझा फोन आला, 'आई, प्लीज, कुणाला काही सांगू नकोस, मी बघते.' बरं म्हटलं मी. म्हणून पोलिसांना सांगितलं नाही, जेमिमाला नाही, ज्यूरीला नाही, श्रद्धालासुद्धा नाही. त्या मेसेजबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही. पण आता मीही गप्प बसणार नाही, निदान तुझ्यापुढे तरी.

पत्र लिहायला घेतलं ते यासाठी. येत्या बुधवारी तुझ्या लंच ब्रेकला तुझ्या फार्मसीसमोरच्या कॅफेत मी बसलेली असेन. श्रद्धाची गाडी मागच्या गल्लीत असेल. नुसता चहा पिऊन परत कामावर गेलीस तरी मी काही म्हणणार नाही, पुढच्या बुधवारी पुन्हा येईन. आहेस तशी गाडीत येऊन बसलीस तर तुझी खोली झाडून ठेवलीय. काय करायचं ते तू ठरव. फक्त परवा जेमिमाला मी जे विचारू दिलं नाही, ते मला विचारू दे. तिथं जज नसेल, वरून बघणारं कुणी नसेल, कुणी लिहून घेणार नाही. आईची भीती वाटत नाही म्हणालीस. मग कुणाची वाटते, तनया?

तुझीच,
आई